अक्कलदाढ आणि एक सरळ उत्तर

सोकोन गावच्या बाजारात काजूच्या बोंडांचा वास दाटला होता. एरवी तेनिंगला तो आवडायचा, पण आज त्या आंबूस वासानेही तिच्या डाव्या जबड्यातून कानापर्यंत कळ गेली. डोक्याच्या रुमालाचं टोक गालावर दाबून ती औषधांची टोपली मांडून बसलेल्या बाईसमोर उभी राहिली आणि बोलण्याऐवजी तिने दोन बोटं वर केली. लाल-पिवळ्या कॅप्सूल, दोन.

"त्या घेऊ नका," मागून कुणीतरी म्हणालं. "आत काय भरलंय ते भरणाऱ्यालाही माहीत नसतं."

तेनिंगने वळून पाहिलं. उंच, सडसडीत, हातात लिंबांची पिशवी... आणि चेहऱ्यावर न विचारता सल्ला देणाऱ्यांचा असतो तो गंभीरपणा. जबडा हलत असता तर तिने त्याला तिथल्या तिथे विचारलं असतं, की तुम्हाला कुणी बोलावलं?

"अगं, हे आपल्या दवाखान्यातले दातांचे नवे सहायक," टोपलीवाली घाईघाईने म्हणाली. कॅप्सूल तिने केव्हाच झग्याखाली सरकवल्या होत्या. "दक्षिणेकडचे. जोला आहेत. आणि साहेब, ही आपली रेडिओवाली. तेनिंग सार."

"सार?" त्या माणसाचा चेहरा एकदम उजळला. "सार आडनाव म्हणजे सेरेर. म्हणजे माझी गुलाम. आधी नाही का सांगायचं? मी उगाच गुलामाला अहोजाहो करत बसलो."

टोपलीवाली खो खो हसली, आजूबाजूचे चौघेही हसले. सेरेर आणि जोला या दोन जमातींचं हे पिढ्यान्‌पिढ्यांचं थट्टेचं नातं. एकमेकांना गुलाम म्हणावं, खादाड म्हणावं, कुणी रागवायचं नाही. रागावला तो हरला. मात्र उत्तर द्यायचं असतं, लगेच आणि सवाई. तेनिंगचं तोंड तर बोटभरही उघडत नव्हतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. तिने नुसती मूठ उगारून दाखवली.

"उत्तर राहिलं," तो म्हणाला. "उद्या सकाळी दवाखान्यात ये. तोंड उघडून देतो, मग दे."

त्याचं नाव लांदिंग सांबू. त्याच्या खोलीत एक खुर्ची होती, एक दिवा होता, आणि खिडकीत एक छोटा रेडिओ होता. दुसऱ्या दिवशी तिला खुर्चीत बसवताना त्याने त्या रेडिओकडे बोट दाखवलं.

"म्हणजे रोज साडेसातला गावच्या सूचना वाचणारा तो आवाज तुझा. कोण गेलं, कुणाची गाय हरवली, कुणाकडे बारसं आहे. माझे पेशंट तो आवाज ऐकला की गप्प बसतात. मला वाटलं होतं, कुणीतरी पन्नाशीची भारदस्त बाई असणार."

तेनिंगने डोळे बारीक केले. त्याने हसत हसत दिवा ओढला, आणि मग... मग हसणं थांबलं. इतक्या हलक्या हाताने कुणी आपल्या गालाला हात लावला होता हे तिला आठवेना. खाली, डाव्या कोपऱ्यात तो बराच वेळ पाहत राहिला.

"अक्कलदाढ," तो म्हणाला. "अर्धी बाहेर, अर्धी हिरडीच्या पदराखाली. त्या पदरात बाजरीचा कण अडकतो, कुजतो आणि सूज येते. आधी धुऊन काढू. दुखेल थोडं. माझं मनगट धर हवं तर."

तिने धरलं. गरजेपेक्षा थोडा जास्तच वेळ धरलं, पण ते तिने दुखण्याच्या नावावर खपवलं.

"कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, दिवसातून चारदा. ही गोळी जेवणानंतर, उपाशीपोटी नाही. लवंग धरलीस तरी चालेल, पण लवंग दुखणं झोपवते, घालवत नाही." मग त्याला नातं आठवलं. "सेरेर लोकांना अक्कल उशिरा येते एवढं ऐकून होतो. आडवी येते हे आज पाहिलं."

तीन दिवसांनी सूज उतरली. तोंड उघडायला लागल्याबरोबर तेनिंग सरळ दवाखान्यात गेली. बाकावर सात-आठ पेशंट बसले होते, तिला तेच हवं होतं.

"सांबू," ती दारातून म्हणाली, "मी विचार केला. जोलांना अक्कलदाढेचा त्रास का होत नाही? जी वस्तू घरातच नाही, ती दुखणार कशी?"

गालाला फडकं बांधलेला एक म्हातारासुद्धा हसला. लांदिंगने छातीवर हात ठेवून मान तुकवली. हरल्याचा आनंद एखाद्याच्या चेहऱ्यावर इतका शोभून दिसतो हे तेनिंगला माहीत नव्हतं. घरी परतताना ती दोनदा वाट चुकली, आणि ती वाट तर तिच्या पायाखालची होती.

पुढे दवाखान्यासमोरून जायला तिला रोज काहीतरी कारण सापडू लागलं. तो दारातल्या कडुनिंबाखाली उभा असे. जोलांचं अन्न भात, सेरेरांचं बाजरी; म्हणून ती त्याला भातखाऊ म्हणे, तो तिला बाजरीचं पोतं म्हणे. तिच्या भाषेत एक 'ब' आहे, जो ओठ मिटून, श्वास आत ओढून म्हणायचा असतो. तो लांदिंगला काही केल्या जमत नसे.

"बाहेर सांडतोस तू," ती म्हणायची. "हा 'ब' फेकायचा नसतो रे, गिळायचा असतो."

"मी गिळतो ते फक्त भात," तो म्हणायचा, आणि पुन्हा ओठ मिटून प्रयत्न करायचा. तिची नजर त्या ओठांवर रेंगाळायची... आणि मग ती घाईने घड्याळाकडे पाहायची.

महिन्याभराने दाढ पुन्हा सुजली. या वेळी लांदिंगने तिला दाढेचा एक्स-रे फोटो काढायला काओलाक शहरात पाठवलं. सात जणांच्या गाडीत नऊ जण, दोन कोंबड्या आणि ठणकणारा जबडा असा प्रवास करून ती फोटो घेऊन आली. त्याने तो खिडकीच्या काचेला लावला. दाढ पालथ्या होडीसारखी शेजारच्या दाढेवर रेलली होती, आणि तिच्या मुळांखालून एक करडी रेघ जात होती.

"ही नस," लांदिंग म्हणाला. "खालच्या ओठाला आणि हनुवटीला जाणीव देते. दाढ काढताना हिला धक्का लागू शकतो. लागला तर ओठ बधिर राहतो. बहुतेक वेळा काही आठवड्यांत जाणीव परत येते. क्वचित... येत नाही."

"आणि नाही काढली तर?"

"तर हे असंच चालेल. सुजेल, उतरेल, पुन्हा सुजेल. शेजारची चांगली दाढही किडेल. न दुखणारी अक्कलदाढ मी कुणाला काढायला सांगत नाही. ही दुखते आहे."

तेनिंगने नकळत खालचा ओठ दातांत धरला. रोजच्या सूचना तिच्या ओठावर चालत. आत ओढलेला तो 'ब' गेला तर निम्म्या गावांची आणि माणसांची नावं तिला धड उच्चारता येणार नव्हती.

घरी सिगा आत्या म्हणाली, "देवाने दिलेली अक्कल काढून टाकतेस? आधीच कुठे उतू चाललीय?" आणि तिने तेनिंगच्या गालात दोन लवंगा कोंबल्या. आत्याच्या पायाशी बसून तेनिंग रात्रीचं जेवण चिवडत राहिली. तिला कुणीतरी सरळ सांगायला हवं होतं. काढ, नाहीतर काढू नकोस. आणि ज्याच्यावर तिचा विश्वास होता, त्याच्याशी तिचं सगळं बोलणं थट्टेत चाललेलं.

तरी दुसऱ्या दिवशी ती गेली. बाक नेहमीसारखा भरलेला होता.

"खरं सांग," ती म्हणाली. "तू माझ्या जागी असतास तर?"

लांदिंगने हातातली पकड खाली ठेवली. "काढली असती. डॉक्टरीण केबे महिन्यातून एकदा काओलाकहून येतात. त्यांचा हात चांगला आहे. आणि मी असेन तिथे, तेनिंग. सुरुवातीपासून शेवटपर्यंत. तुझ्यापासून हलणार नाही."

बाकावरचे सगळे तिच्या उत्तराची वाट पाहत होते, आणि सवयच ती, उत्तर तिच्या तोंडातून आपोआप बाहेर पडलं.

"मग? गुलामाने मालकिणीपासून हलायचंच नसतं."

बाक खदखदून हसला. लांदिंगही हसला, पण इतरांच्या मागून... जरा उशिराने. मग त्याने पकड उचलली आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

तो उशीर तेनिंगच्या मनात ठुसठुसत राहिला. तो खरं बोलला होता का? की तिच्यासारखाच सवयीने बोलला होता? विचारायचं तर विचारणार कसं. 'थट्टा होती का' असं विचारणं हीच त्यांच्यात सगळ्यात मोठी थट्टा. ती आठ दिवस दवाखान्यावरून गेली नाही. कडुनिंबाखाली कुणी उभं असलं तरी तिने पाहिलं नसतं, असं ती स्वतःला सांगत राहिली.

नवव्या दिवशी सकाळी दाढ तिसऱ्यांदा सुजली. साडेसात वाजत होते, समोर चिठ्ठ्यांचा गठ्ठा होता. रेडिओ केंद्राच्या भिंतीवर एकच नियम लिहिलेला होता: चिठ्ठी सहीनिशी घ्यावी, लिहिली तशी वाचावी, सूचनांमध्ये थट्टा नाही. सहा वर्षांत तेनिंगने तो नियम एकदाही मोडला नव्हता. तिने सूचना वाचली की गाव डोळे मिटून विश्वास ठेवायचं. त्या दिवशी तिने आखडलेल्या जबड्याने एका म्हाताऱ्याच्या निधनाची चिठ्ठी वाचली, आणि नावातला 'ब' आत ओढायच्या ऐवजी बाहेर सांडला.

त्याच गावात तसंच नाव, पण बाहेरच्या 'ब'चं, असलेला दुसरा म्हातारा होता, धडधाकट.

दुपारी तो स्वतः रेडिओ केंद्रात आला. "पोरी," तो खुर्चीत बसत म्हणाला, "सकाळपासून माझ्या दारात बायका रडताहेत. माझी धाकटी बहीण तीन कोसांवरून चालत आली. मी समोर उभा राहिलो तरी तिचं रडणं थांबेना. आणि जो बिचारा खरंच गेला, त्याच्याकडे कुणीच गेलं नाही."

तेनिंगने हात जोडून दोघांच्याही घरच्यांची माफी मागितली. म्हातारा मोठ्या मनाचा होता, जाताना तिच्या डोक्यावर हात ठेवून गेला. पण ती तिथेच बसून रडली. दाढ काढली तर आवाज जाईल या भीतीने तिने दुखणं अंगावर काढलं होतं, आणि न काढताच आवाज जायला लागला होता. रडून झाल्यावर तिने तोंड धुतलं आणि दवाखान्यात निरोप धाडला, की डॉक्टरीणबाई येतील त्या दिवशी माझं नाव लिहा.

डॉक्टरीण केबे ठेंगण्या होत्या आणि काम करताना गुणगुणायच्या. त्यांनी सुई टोचली, थोडं थांबल्या, टोकदार काडीने ओठाला टोचून पाहिलं. "कळतंय?" तेनिंगने मान हलवली, नाही. अर्धा चेहरा कुणा दुसऱ्याचा झाल्यासारखा वाटत होता. दिवा लांदिंगच्या हातात होता. त्याचे फक्त डोळे दिसत होते, आणि ते एकदाही तिच्यावरून हलले नाहीत.

"अख्खी निघायची नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ओढली तर नसेवर दाब येईल. दोन तुकडे करू." बारीक यंत्राचा आवाज झाला, मग कट्‌कन काहीतरी तुटलं. दुखलं नाही, फक्त डोक्यात गडगडलं. एक तुकडा वाटीत पडला, थोड्या वेळाने दुसरा. दोन टाके घातले. तेनिंगने डोळे उघडले तेव्हा लांदिंगच्या कपाळावरून घाम निथळत होता.

"आता हा बोळा दाबून धर. पंचेचाळीस मिनिटं. थुंकायचं नाही, बोलायचं नाही," डॉक्टरीणबाईंनी बजावलं. "सांबू, हिला बाहेर सावलीत बसव. जवळच बस."

कडुनिंबाखालचा बाक त्या वेळी रिकामा होता. लांदिंगने तिच्या गालाला बर्फाची पुरचुंडी लावून दिली आणि शेजारी बसला.

"आमच्याकडे ती गोष्ट सांगतात ना," तो म्हणाला, "तुमच्याकडेही सांगत असतील. दोघी बहिणी एका होडीत होत्या, वादळात होडी दुभंगली. एकीचा तुकडा उत्तरेला लागला, तिचे तुम्ही. एकीचा दक्षिणेला, तिचे आम्ही. म्हणून आपण एकमेकांना काहीही बोलू शकतो." तो थांबला. "मला वाटतं, तेनिंग, म्हणूनच आपण एकमेकांना काहीच बोलू शकत नाही."

तिने त्याच्याकडे पाहिलं. बोळा तोंडात होता.

"मी म्हणालो होतो, तुझ्यापासून हलणार नाही. तू हसवलंस सगळ्यांना. नियमच आहे, मीही हसलो. पण ते खरं होतं. आज तुला उत्तर देता येत नाही, म्हणून आज सांगतो. भित्रा आहे असं समज." त्याचा आवाज खाली आला. "माझं तुझ्यावर प्रेम आहे. साडेसातला तुझा आवाज आला नाही तर माझा दिवसच सुरू होत नाही. दाढ काढायचं ठरलं तेव्हापासून मला अन्न गोड लागलेलं नाही... मला, भातखाऊला."

तेनिंगच्या डोळ्यांत पाणी आलं. ते बधिर गालावरून कुठवर ओघळलं हे तिला कळलंच नाही. लांदिंगने ते रुमालाने टिपलं.

"उत्तराची घाई नाही. पण देशील तेव्हा थट्टेत देऊ नकोस. 'नाही' असलं तरी सरळ 'नाही' म्हण. एवढंच मागतो."

पंचेचाळीस मिनिटं झाली. त्याने घड्याळ पाहिलं, बोळा काढला आणि रक्त थांबल्याची खात्री केली. मग नेहमीच्या आवाजात सांगितलं: आज गरम काही नको, पातळ आणि गार खा, उद्यापासून गुळण्या, दुखायच्या आधीच गोळी घे.

संध्याकाळपर्यंत जीभ जागी झाली, ओठही जागा झाला. फक्त हनुवटीवर, ओठाच्या जरा खाली, पंचवीस फ्रँकच्या नाण्याएवढी जागा झोपलेलीच राहिली. दुसऱ्या दिवशीही, आठव्या दिवशीही. रोज संध्याकाळी लांदिंग घरी यायचा. आत्याच्या देखत कापसाचा धागा त्या जागेवर टेकवायचा आणि विचारायचा, "कळतंय?"

"नाही."

"येईल. नस हळू चालते." तो बाकी काहीच विचारायचा नाही.

आणि तेनिंग रोज ठरवायची, की आज सांगायचं. त्याच्याकडे पाहायची, तोंड उघडायची... आणि जिभेवर टोमणाच यायचा. एकदा तर 'लांदिंग, मला' इथवर पोचली, आणि पुढे म्हणाली, 'भात उकडल्याचा वास येतोय, तू आलास वाटतं.' आत्या हसली. तो हसला. तेनिंगने त्या रात्री उशीवर बुक्क्या मारल्या. ज्या जिभेने सहा वर्षं गावाला खरं तेच सांगितलं, तिला एका माणसासमोर एक खरं वाक्य जमत नव्हतं.

मग तिला सुचलं. ज्या जागी तिला थट्टा करताच येत नव्हती, अशी एक जागा होती.

एकविसाव्या दिवशी ती पहाटे आरशासमोर उभी राहिली. ओठ मिटले, श्वास आत ओढला. 'ब' आत गेला, गोल, पूर्ण. तिने पुन्हा म्हणून पाहिला. चार वेळा म्हटला. हनुवटीवरची नाण्याएवढी जागा अजून झोपलेली होती, पण तिच्यावाचून काही अडत नव्हतं.

साडेसात वाजले. तिने पहिली चिठ्ठी वाचली. तांबड्या रंगाची, एक शिंग मोडलेली कालवड हरवली आहे. मग स्वतःच्या अक्षरातली, स्वतःच्या सहीची चिठ्ठी समोर घेतली आणि रोजच्याच आवाजात वाचली.

"तेनिंग सार, राहणार सोकोन, दवाखान्यातील लांदिंग सांबू यांना कळवते, की त्यांनी कडुनिंबाखाली सांगितलेलं तिला ऐकू आलं. उत्तर 'हो' आहे."

काचेपलीकडे यंत्रावर बसलेल्या बाईने दोन्ही हात तोंडावर ठेवले. तेनिंगचे कान तापले होते, पण पुढच्या चिठ्ठीत एका आजीचं निधन होतं. तिने त्या आजीचं नाव सावकाश वाचलं. दुखवट्याची वेळही नीट वाचली. मागून आणखी तीन चिठ्ठ्या आल्या, आणि त्यांतलं एकही अक्षर तिने गिळलं नाही, गिळायच्या 'ब'खेरीज.

शेवटच्या चिठ्ठीला काचेपलीकडे लांदिंग येऊन उभा राहिला होता. पांढरा डगला, एका पायात दवाखान्यातली चप्पल, दुसऱ्या पायात स्वतःची. ती बाहेर आली.

"पेशंट तोंड उघडं टाकून बसलाय," तो धापा टाकत म्हणाला.

"मग जा ना."

"जातो. आधी एक सांग. ती थट्टा—"

"सूचनांमध्ये मी थट्टा करत नाही."

सगळ्या जोलांची बोलती एकदमच बंद झाल्यासारखा तो उभा होता, आणि तेनिंगला पहिल्यांदाच उत्तर द्यायची घाई नव्हती. त्याने हात पुढे केला. साबणाचा आणि लवंगेच्या तेलाचा वास आला. या वेळी कापसाचा धागा नव्हता. ओठाच्या खाली, त्या झोपलेल्या जागेवर, त्याने आपलं बोट अलगद टेकवलं.

"कळतंय?"

तेनिंगने डोळे मिटून नीट लक्ष दिलं. खोटं बोलायचं नाही असं तिने ठरवलं होतं.

"नाही," ती म्हणाली. आणि तो बोट काढू लागला तेव्हा तिने त्याचं मनगट धरलं. "राहू दे तिथेच. येईल."